बोल्ट कुनी तोडला?

इंजनाचा बोल्ट तुटला की दुसरे मिस्त्री शिवी हासडतात. आमचे हमीदमिस्त्री हात धुतात. जेवायला बसायचं असल्यासारखे, चांगले मनगटापर्यंत. मग तेलाच्या डब्यावर बसतात, जमलेल्या माणसांच्या तोंडाकडे एकेक करून बघतात आणि विचारतात, "कुनी तोडला?"

उत्तर मिळेपर्यंत पान्याला हात लावत नाहीत. मालक रडो, पीक वाळो, नाहीतर आभाळ कोसळो. तोडणाऱ्यानं चारचौघांत "मी तोडला" एवढे दोन शब्द म्हणायचे. म्हटले की मिस्त्रींचा चेहरा उजळतो. "बास! झालं. आता निघतोय बगा," म्हणतात, आणि कामाला लागण्याआधी आपल्या कपातला अर्धा चहा बशीत ओतून गुन्हेगाराला देतात. रागावणं नाही, टोमणा नाही.

"तुटका बोल्ट रॉकेल पाजलं की निगतो," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. "झूट न्हाई निगत."

मिस्त्रींचं दुकान चौसाळ्याला, हायवेच्या कडेला. मी जवळच्याच एका गावच्या सहकारी पाणीपुरवठा सोसायटीचा सेक्रेटरी. सोसायटी म्हणजे एक विहीर, एक डिझेल इंजन, अकरा संचालक आणि मी. दुष्काळात विहिरीचं पाणी तळाला गेलं, संचालक मात्र अकराच राहिले.

माझी आणि मिस्त्रींची मैत्री माझ्या अक्षरामुळे जमली. त्यांच्याकडे बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा आहे. काढलेला प्रत्येक तुटका बोल्ट त्यात जातो, आणि प्रत्येकाला दोऱ्यानं एक चिठ्ठी बांधलेली असते: गाव आणि तोडणाऱ्याचं नाव. मिस्त्रींना उर्दू लिहिता येतं, पण तोडणाऱ्याला आपलं नाव वाचता आलं पाहिजे, म्हणून चिठ्ठी मराठीत आणि ती मी लिहायची. "शिक्रेटरीचं अक्षर कोर्टातल्यावानी हाय," असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतात. या डब्यात एक सरपंच आहेत, एक मास्तर आहेत, आणि चकलांब्याचे दोन साडू एकाच चिठ्ठीवर आहेत. त्यांनी एकच पाना दोघांनी मिळून ओढला होता आणि त्यानंतर बरेच दिवस एकमेकांशी बोलत नव्हते.

एकच बोल्ट फडक्यात गुंडाळलेला होता. त्याला चिठ्ठी नव्हती. "हा कुणाचा?" मी एकदा विचारलं. "जुना हाय," म्हणून मिस्त्रींनी झाकण लावलं.

आमचे चेअरमन आबाराव यांचा बोल्टही त्या डब्यात आहे. आबारावांना ढिलं काही खपत नाही. धोतर असो, ठराव असो की नट, ते सगळं आवळतात. गेल्या वर्षी त्यांनी पान्याला लांब पाइप जोडून आमच्या इंजनाच्या हेडचा बोल्ट आवळला आणि तोडला. मिस्त्रींनी हात धुऊन प्रश्न विचारल्यावर आबारावांनी आधी बोल्टाच्या लोखंडाला दोष दिला, मग हवेला, आणि शेवटी विरोधी पॅनेलला. दोन दिवस इंजन उघडं पडून होतं आणि मिस्त्री शेजारी बसून पान खात होते. तिसऱ्या दिवशी सकाळी गावातल्या बायका रिकाम्या घागरी घेऊन चेअरमनच्या ओट्यावर जाऊन बसल्या. तेव्हा कुठे आबाराव विहिरीवर आले आणि झाडाच्या शेंड्याकडे बघत पुटपुटले, "मी तोडला."

"बास! चा घ्या," मिस्त्री म्हणाले. दुपारपर्यंत पाणी सुरू झालं.

यंदा दुष्काळ त्याहून वाईट. सगळं गाव आणि छावणीतली जनावरं त्या एकाच विहिरीवर, आणि नेमकं इंजन बसलं. मिस्त्रींनी ते पार खोललं, साफ केलं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी जोडायला घेतलं. हेड बसवलं. राहिले फक्त बोल्ट.

मिस्त्रींना बोल्ट आवळताना बघणं हा एक सोहळा असतो. एक इकडचा, एक समोरचा, थोडा थोडा, आळीपाळीनं. शेवटच्या फेरीला डोळे मिटतात. "बोल्ट आदी कुरकुरतो, मंग गप बसतो. तितं थांबायचं," ते सांगतात. "त्याच्या फुडं नरम लागला की समजा, गेला. ह्ये कानाला न्हाई, मनगटाला ऐकू येतं."

मधेच आबाराव आले. मिस्त्री चहा घेत होते तेवढ्यात त्यांनी पाना उचलून एका बोल्टाला हळूच हिसका दिला, "नुसतं बगितलं," म्हणाले आणि घागरींची रांग सरळ करायला निघून गेले. मिस्त्रींनी कप ठेवला, डोळे मिटले आणि शेवटची फेरी सुरू केली. पहिला गप बसला. दुसरा, तिसरा गप बसला. चौथ्याला मात्र मिस्त्रींचा हात थांबलाच नाही. चांगला पुढे गेला, सहज, लोण्यातून गेल्यासारखा. टक्क झालं, आणि बोल्टाचं डोकं पान्यात राहिलं.

जवळ मी एकटाच होतो. मिस्त्री पान्याकडे नाही, आपल्या मनगटाकडे बघत होते.

आवाज ऐकून आबाराव धावत आले. त्यांनी तुटका बोल्ट बघितला, मिस्त्रींचं तोंड बघितलं, मागे घागरींची रांग बघितली आणि गेल्या वर्षीचं सगळं आठवून दोन्ही हात जोडले. "मी तोडला! मिस्त्री, मीच तोडला. मगाशी हात लावलाच व्हता मी. ए शिक्रेटरी, ल्हा चिठ्ठी, मोट्या अक्षरात ल्हा! पर तेवडं पानी चालू करा."

रांगेतल्या बाया खो खो हसल्या. मलाही हसू आलं. खरं सांगतो, मी खिशातून पेनसुद्धा काढलं. मिस्त्रींची एवढी उमर, एवढं नाव. चेअरमन आपण होऊन मान पुढे करतायत तर आपण कशाला तोंड उघडायचं, असं मला वाटलं.

मिस्त्री उठले. लोटाभर पाणी घेऊन त्यांनी हात धुतले आणि तेलाच्या डब्यावर बसले. या वेळी कुणाच्या तोंडाकडे बघितलं नाही.

"चेअरमन, तुमी न्हाई," ते म्हणाले. "मी तोडला."

"आसू द्या हो," आबाराव म्हणाले. "एक माज्या नावावर हायच. आनखी एक. काय बिगडतंय?"

"न्हाई!" मिस्त्री ओरडले. त्यांना ओरडताना मी पहिल्यांदाच बघितलं. "असंच एकदा आसू दिलं व्हतं."

मग ते कामाला लागले. तुटक्या बुडख्याला रॉकेल पाजलं, मध्यावर पंच मारला, भोक पाडून त्यात पोलादी कांडी ठोकली आणि उलटी फिरवत बुडखा अलगद वर आणला. नवा बोल्ट बसवताना मात्र पाना माझ्या हातात दिला आणि माझ्या हातावर आपला हात ठेवला. बारा वाजायच्या आत पाणी आलं. त्या दिवशी चहा आबारावांनी ओतला, मिस्त्रींच्या बशीत.

दुसऱ्या दिवशी मी दुकानात गेलो. मिस्त्रींनी डबा काढून ठेवला होता. मी चिठ्ठी लिहिली: "हमीद, चौसाळा." मग त्यांनी फडक्यातला तो जुना बोल्ट माझ्यासमोर ठेवला.

"याच्यावर बी त्येच नाव ल्हा."

मिस्त्री आणि त्यांचा धाकटा भाऊ करीम, दोघं तरुणपणी बीडला एकाच उस्तादांकडे काम शिकले. एकदा दोघांनी मिळून एक इंजन जोडलं. बोल्ट करीमनं आवळले, आणि तो पाणी प्यायला गेल्यावर मिस्त्रींनी खात्री म्हणून एकाला आणखी एक हिसका दिला. तुटला. उस्तादांनी विचारलं, "कुनी?" मिस्त्री गप्प राहिले. करीमला वाटलं, आपणच जास्त आवळला असणार. तो म्हणाला, "मी." उस्तादांनी त्याच्या हातातून पाना काढून घेतला, तो कायमचाच.

"आता दिंद्रुडला केळ्याचा गाडा हाय त्याचा," मिस्त्री म्हणाले. "दर ईदेला येतो, शिरखुर्मा खातो. गाड्याचं चाक ढिलं झालं तरी दुसऱ्याकडून कसून घेतो. म्हनतो, भाई, माज्या हाताला लोखंड मानवत न्हाई. आन् मी त्याला आनखी एक वाटी वाढतो."

मला मिस्त्रींचा राग आला. आणि खरं सांगायचं तर, त्यांचा हात धरून बसावं असंही वाटलं. त्यातलं काहीच न करता मी चिठ्ठी लिहिली. मिस्त्रींनी ती बोल्टाला बांधली, बोल्ट खिशात घातला आणि दिंद्रुडला जायला समोर थांबलेल्या एस.टी.त चढले. दुकानाला कुलूप लावायचंही त्यांना सुचलं नाही, ते मी लावलं.

दोन दिवसांनी मी विचारलं, "काय म्हणाला करीम?"

"चिठ्ठी वाचली आन् बोल्ट हातात घेऊन बसला. गिऱ्हाइकं आली, तशीच गेली."

"मग?"

"मंग मला शिवी दिली," मिस्त्री म्हणाले. त्यांचा चेहरा असा उजळला होता, जणू शिवी नव्हे, पदवी मिळाली होती. "लई मोटी शिवी दिली!"

पंधरवड्यानं मला दुकानातून निरोप आला: कागद-पेन घेऊन या. मी गेलो. एका इंजनाचं हेड बसवलेलं होतं आणि त्याच्यासमोर पांढऱ्या दाढीचा एक माणूस सदऱ्याला हात पुन्हा पुन्हा पुसत उभा होता. शेजारी डझनभर केळी.

"करीम," मिस्त्रींनी ओळख करून दिली आणि पाना त्याच्या हातात दिला. "माज्या मनगटाला आता ऐकू येत न्हाई. तू ऐक."

करीम मागे सरकला. "नक्को भाई. टुट्या तो?"

"टुट्या तो मेरा नाम लिखेंगे. शिक्रेटरी बैठेच हैं. डर मत बे, कस!"

करीमनं डोळे मिटले. पहिला, दुसरा, तिसरा. चौथ्याला त्याच्या कपाळावर घाम आला. मी नकळत पेनाचं टोपण काढलं. बोल्ट कुरकुरला, पाना बोटभर सरकला आणि थांबला.

"और?" मिस्त्रींनी विचारलं.

"बस, भाई," करीम डोळे न उघडता म्हणाला. "चुप बैठ्या."

मिस्त्रींनी माझ्या हातातली कोरी चिठ्ठी काढून घेतली, नीट घडी घातली आणि डब्यात ठेवून दिली. मग जाऊन हात धुतले आणि करीमसाठी अर्धा चहा बशीत ओतला.