धोंडाबाईच्या दहाव्याला वाजलेलं गाणं

"कावळ्यांचं बी लई लाड झाल्यात," सरूबाई कोंडिबाच्या पाठीमागं पुटपुटली. "सकाळधरनं बसून कंबर धरली माजी."

आंबवड्याच्या ओढ्याकाठी धोंडाबाईच्या दहाव्याचा पिंड मांडून दोन तास झाले होते. चिंचेवर चार कावळे ग्रामपंचायतीच्या मिटिंगला बसावेत तसे बसलेले. म्हातारीचा लेक मानसिंग गाय देतो म्हणाला, बहिणीला माहेरपण करतो म्हणाला. कावळे ढिम्म.

"ह्ये काम माजं," कोंडिबा छाती काढून म्हणाला. "म्हातारीचा जीव आमच्या गाण्यात अडकलाय."

कोंडिबाचा विजेवरचा बेंजो आणि मानसिंगची माईक लावलेली ढोलकी. सबंध भोर तालुक्यात अशी जोडी एकच. दोन वर्षांपूर्वी ती फुटली. का फुटली, हे कुणीच बोलत नसे. म्हातारीनंच फोडली, असं कोंडिबानं आपलं आपण ठरवून टाकलं होतं. फुटायच्या आठ दिवस आधी दोघांनी एक गाणं टेपवर भरलं होतं. ते अजून कुणी ऐकलं नव्हतं. मानसिंगनं एकदा ऐकलं की तो परत येणार, एवढ्या आशेवर कोंडिबा ती टेप बायकोच्या शालूत गुंडाळून जपत होता.

कोंडिबापासनं हातभर अंतरावर बसलेला मानसिंग सरूबाईला म्हणाला, "मावशे, त्यास्नी सांगा, गाणं नको."

"मावशे, त्यास्नी सांगा, आईपुढं रुसवा धरू नये," कोंडिबा म्हणाला.

"आरं, मी काय पोस्टमन हाय व्हय?" सरूबाई म्हणाली.

कोंडिबानं भोरहून टेम्पोत टेपरेकॉर्डर, बॅटरी आणि कर्णा आणला, शालूतली टेप काढून त्यात घातली. कर्णा चिंचेलाच बांधला. बेंजो पहिल्यांदा किंचाळला तसे चारी कावळे उडाले, ते थेट डोंगरापल्याड. वरच्या आळीला वाटलं, कुणाची तरी हळद निघाली. चौघं गडी फेटे उडवत नाचत आले आणि पिंड बघून जागच्या जागी थिजले.

"धनी, बंद करा," बायको अंजना त्याची बाही ओढत म्हणाली.

"थांब गं. खरी गंमत पुढंच हाय."

गाणं संपलं. सगळे ओढ्याकडं बघत राहिले.

"आवाज लांबवर गेला," सरूबाई जपून म्हणाली.

कोंडिबाचे डोळे भरून आले होते. "आसली जोडी म्हातारीनं फोडली," तो म्हणाला.

मानसिंग उठला. दोन वर्षांत पहिल्यांदा त्यानं कोंडिबाच्या डोळ्यांत बघितलं.

"आईनं न्हाई, कोंडिबा. म्या फोडली. तू ताल सोडतोस, गड्या. पयल्यापासनं. समद्यांना ठावं हाय."