गाडीची जीभ बघणारे गेनूतात्या

कोळवणच्या गेनूतात्यांना मी पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा ते एका कोऱ्या पांढऱ्या गाडीच्या बॉनेटखाली डोकं घालून उभे होते. हातात इंजिनातलं तेल बघायची लांब पट्टी होती. ती त्यांनी उन्हात धरली, तिचा वास घेतला, टोकाचं तेल अंगठ्याबोटात चोळलं आणि माझ्याकडे न बघताच जाहीर केलं, "जीभ साफ हाय. ताप न्हाई."

मग पट्टी पुसायला काहीतरी हवं म्हणून हात पुढे केला. मी बावधनहून एसटीने आलो होतो, जमिनी विकू नका असं सांगणाऱ्या पत्रकांचा गठ्ठा घेऊन. 'भूमिपुत्रा, जागा हो' हा मथळा माझाच होता. तात्यांनी वरचं पत्रक ओढलं, भूमिपुत्रासकट पट्टी पुसली आणि खुशीत मान हलवली. "कागद बरा हाय. तेल पितो. आनत जावा."

तेव्हापासून त्यांनी मला कधी नावाने हाक मारली नाही. मी 'पत्रकवाले'च राहिलो.

त्या वर्षांत खोऱ्यातली भातखाचरं शहरातल्या लोकांच्या फार्महाउसांखाली जात होती आणि ज्याच्या खाचराला तारेचं कुंपण पडलं, त्याच्या दारात अशी एक गाडी येत होती. शेत विकून आणलेली गाडी म्हणजे चार चाकांवरची शरणागती, असं मी लिहिलं होतं. त्यातला एकही शब्द मी आजही मागे घेणार नाही. तात्यांचाही विक्रीला विरोध होता. पण पुतण्या संजय ऐकेना. ओढ्याकडची खाचरं गेली. नांगराला जमीनच उरली नाही म्हणून खंड्या आणि गुण्या ही बैलजोडीही कासारसाईच्या एका शेतकऱ्याला दिली. गोठा मोकळा झाला आणि त्यात ही सातजणांची गाडी येऊन उभी राहिली.

पहिले काही दिवस तात्यांनी तिच्याकडे पाठ फिरवून तंबाखू मळली. मग एका सकाळी न राहवून संजयला विचारलं, हिला खायला काय घालता? डिझेल, संजय म्हणाला. आणि तेल? ते सर्व्हिसिंगला बदलतात. म्हणजे वर्षातनं एकदा-दोनदा? तात्यांना हे अमानुष वाटलं. गाडीचं खाणंपिणं त्या दिवसापासून त्यांनी आपल्याकडे घेतलं.

पौडचा ऑइलवाला तात्यांना लांबून बघूनच दुकानाचं शटर अर्ध्यावर ओढायचा, असं संजय सांगतो. तात्या प्रत्येक तेलाचा थेंब तळहातावर मागायचे. हे पातळ, हे दाट, ह्याला वासच नाही. ट्रॅक्टरचं तेल चालेल असं कुणी म्हणालं, की ते विचारायचे, रेड्याचा खुराक बैलाला घालतोस का? शेवटी गाडीबरोबर आलेलं इंग्रजी पुस्तक त्यांनी माझ्यापुढे टाकलं. जगातला सगळा छापील कागद माझ्या अखत्यारीत येतो, अशी त्यांची समजूत होती.

मी वाचून सांगितलं. तेलाच्या डब्यावर दोन आकडे असतात. पहिला थंडीचा: गार इंजिन सुरू होताना तेल किती चटकन वाहील याचा. दुसरा गरमीचा: इंजिन तापल्यावर ते किती दाट राहील याचा. या गाडीला पंधरा-चाळीस हवं, तेही डिझेल इंजिनासाठी असलेलं.

तात्या हरखले. "म्हंजी दोनी हंगामाचं. सरळ सांगायचं की मग."

एवढी माया असूनही तात्या त्या गाडीत कधी बसले नाहीत. पौडला जायचे ते एसटीने. संजय म्हणायचा, अहो, सात सीट आहेत. त्यावर त्यांचं उत्तर ठरलेलं असे: "आपुन काय बैलावर बसतो का?"

त्या वर्षीच्या पोळ्यानंतर आठवडाभराने मी कोळवणला गेलो, तेव्हा गाडी अंगणात धुराचे लोट सोडत होती. निळसर, उग्र धूर. ओढ नाही, खाली तेल गळतंय. संजय वैतागला होता. इंजिन गेलं म्हणाला. बावधनचं एक गिऱ्हाईक रविवारी येतंय, मिळेल त्या भावात देऊन टाकतो.

तात्या गोठ्याच्या उंबऱ्याला टेकून बसले होते. हातात जीभ होती, पण ते तिच्याकडे बघत नव्हते.

"खाचरं गेली, जोडी गेली," ते हळूच म्हणाले. "आता ह्ये बी गेलं, तर सकाळी उठून बघायचं कुनाकडं, पत्रकवाले?"

मी त्यांच्या हातातली पट्टी घेतली. तिच्यावर दोन खुणा असतात आणि तेल त्या दोहोंच्या मध्ये असावं लागतं. इथे तेल वरच्या खुणेच्या पार पुढे, दांडीला लागलं होतं. सर्व्हिसिंग कुणी केलं, मी विचारलं. कुणीच नाही. पोळ्याला तात्यांनी पौडच्या मेकॅनिकला घरी बोलावून जुनं तेल काढून घेतलं होतं, आणि नवं भरायला त्याला हात लावू दिला नव्हता. ते त्यांनी स्वतः पाजलं. पाजलं हा शब्द त्यांचाच. कोनाड्यातल्या दोन रिकाम्या डब्यांमागून त्यांनी बांबूची नळी काढून दाखवली. एक तोंड तिरकं कापलेली, वर्षानुवर्षांच्या तेलाने काळी पडलेली. पोळ्याला बैलांच्या घशात करडईचं तेल ओततात, ती.

"पण तात्या, एका डब्यात भागतं. दोन का ओतलेत?"

तात्यांनी आम्हा दोघांकडे, एवढं साधं कसं कळत नाही, असं पाहिलं.

"एक खंड्याचा," ते म्हणाले. "एक गुन्याचा."

संजय गाडीखाली शिरला, नट सैल केला आणि जादा तेल घमेल्यात सोडू लागला. तात्या वाकून पट्टी बुडवत होते, पुसत होते, पुन्हा बुडवत होते. पत्रकं मीच पुरवत होतो. तेल दोन खुणांच्या मध्ये आलं, तसा संजयने स्टार्टर मारला. आधी साचलेला धूर भसाभस बाहेर पडला, मग विरळ झाला, मग थांबला. इंजिन सुरात लागलं. संजयने तिथूनच गिऱ्हाइकाला फोन लावला आणि गाडी द्यायची नाही, एवढंच सांगितलं.

मग हात पुसत तो म्हणाला, "तात्या, ती नळी घ्या आन् बसा."

"कुटं?"

"कासारसाईला. वाटंत करडईचं तेल घेऊ."

तात्या बराच वेळ दाराशी घुटमळले. मग चपला बाहेर काढून ठेवून आत बसले. त्या मी उचलून घेतल्या. अख्ख्या रस्त्यात चढ आला की ते पुढच्या डॅशबोर्डवर हळूच थाप मारत होते.

बैल ज्याला दिले होते, तो शेतकरी भला माणूस. हसला आणि बाजूला झाला. पोळा होऊन गेला होता, पण त्याला कुणाची हरकत नव्हती, बैलांची तर मुळीच नाही. तात्यांनी एकाची मान वर केली, नळी घातली, तेल ओतलं. मग दुसऱ्याची. गुण्याने अर्धं तेल त्यांच्या सदऱ्यावर उडवलं.

तेलकट हात बैलाच्या पाठीवर पुसत ते संजयकडे वळले. डोळे ओले होते, पण आवाज नेहमीचाच होता.

"हितं काय उभा ऱ्हायलास? जा, तिची जीभ बघ. खिंड चढून आलीया ती."