डोमाजींची साठ पावलं

आमचे शेजारी डोमाजी रोज सकाळी डोळे मिटून पाणी आणायला निघत. सहा फुटी देह, भरघोस मिशा, तुमसरच्या राईस मिलमध्ये जन्मभर मुकादमी करून कमावलेला आवाज. आणि चाल मात्र नव्या नवरीची. टीचभर पावलं टाकत, मोठ्यानं मोजत, दारापासून बोरिंगपर्यंत. बरोबर साठ.

वाटेत काही आलं की धडकत आणि वर आपल्यालाच झापत. "गुर्जी, अठरावर सायकल काहून ठेवली?" गल्लीत कुणी बाज टाकायची नाही, वासरू बांधायचं नाही. माझं घर तर त्यांच्या लेखी नुसतं 'एकवीस' होतं. शाळेत दिवसभर पाढे घोकून घेणाऱ्या माणसानं घरी येऊनही आकडेच ऐकायचे म्हणजे डोकं उठतं.

कडेलोट झाला तो सासऱ्यांमुळे. ते भंडाऱ्याहून एस.टी.नं पहिल्यांदाच आमच्याकडे आले आणि घर विचारलं नेमकं डोमाजींना. "एकवीस पावलं सरळ, मंग उजव्या हातच्या दारात घुसा." सासरे मोजून एकवीस पावलं चालले आणि थेट पलीकडच्या गोठ्यात शिरले. शेणानं भरलेलं धोतर सावरत ते दारात उभे राहिले, तेव्हा बायको माझ्यावरच चिडली.

मी तणतणत डोमाजींकडे गेलो.

"लंब्या टांगा टाकल्या असतीन त्याहिनं," ते म्हणाले.

"मग कुणाच्या पावलांनी चालायचं होतं?"

"तुमच्या काकीच्या." त्यांचा आवाज एकदम खाली आला. "तिले आता दिसत नाही, गुर्जी. हात धरून नेतो म्हनलं तर रडते. म्हनते, जलमभर पानी म्याच आनलं. म्हनून तिच्या पावलानं मोजून राहिलो."

चार महिने भागरताकाकी बाहेर दिसल्या नव्हत्या, आणि ते माझ्या ध्यानातही आलं नव्हतं. मला स्वतःचीच लाज वाटली.

पुढच्या सोमवारी काकी छोटी घागर घेऊन एकट्या निघाल्या. डोमाजी उंबऱ्यात उभे, ओठ हलताहेत. मदतीला धावणाऱ्या माझ्या बायकोला त्यांनी हातानंच थांबवलं. काकी पोचल्या, घागर भरली, परत आल्या.

"चोपनातच पोचली मी," त्या फणकारल्या. "म्हातारी समजता का मले? लयच लहान धरलं माझं पाऊल."

"चुकलं माझं," डोमाजी म्हणाले. उभ्या गल्लीत हे वाक्य त्यांच्या तोंडून कुणी ऐकलं नव्हतं. मग तोंड फिरवून ते खांद्यावरच्या दुपट्ट्यानं डोळे पुसत राहिले, अजिबात आवाज न करता.