डाव्या गुडघ्यावरची फुली

"काका, कुठला गुडघा?" सकाळपासून तिसऱ्यांदा कुणीतरी विचारलं आणि टेलरमास्तर हॉस्पिटलच्या खाटेवर उठून बसले.

आधी नर्सने विचारलं, मग भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी, आणि आता सही घ्यायला आलेल्या शिकाऊ डॉक्टरने. "उजवा, उजवा!" मास्तर म्हणाले आणि तो गेल्यावर बायकोकडे वळले.

"अगं, यांच्यात कुणालाच माहीत नाही!"

"खात्री करून घेतायत हो. बरंच आहे की."

"मी कात्री हातात घेऊन गिऱ्हाइकाला तीनदा विचारतो का, शर्ट शिवायचाय की पँट?"

आपल्या न्याहारीचा डबा आणि घासणी घेऊन बायको नळावर गेली.

मास्तरांची धास्ती अगदीच खुळी नव्हती. चाळीस वर्षं पायमशीन चालवून उजव्या गुडघ्यातली गादी फाटली होती. दुर्बिणीचं ऑपरेशन, दोन बारीक भोकं, एकेक टाका, असं मोठ्या डॉक्टरांनी समजावलं होतं. पण तीन महिने सगळा भार डाव्यावर होता. चुकून त्यालाच भोकं पाडली तर मशीन कायमची बंद, आणि मशीन बंद झाल्यावर आपण घरात नुसती अडगळ होणार, या विचाराने मास्तरांना घाम फुटला.

दुकानात कापडाचा जो भाग कापायचा नाही, त्यावर मास्तर फुली मारत. त्या फुलीला कात्री लावायची एकाही कारागिराची छाती नव्हती. चष्म्याच्या घरात गिऱ्हाइकांचे नंबर घालायचं पेन होतं, दहा धुण्यांतही न जाणारं. मास्तरांनी गाऊन वर केला आणि डाव्या गुडघ्यावर ठसठशीत फुली मारली. कितीतरी दिवसांनी त्यांना हलकं वाटलं.

"हे काय?" बायको डबा निथळत परतली होती.

"इथं कापायचं नाही!"

"ते तुमच्या दुकानात. इथं फुली म्हणजे हीच ती जागा, असं समजले तर?"

सकाळपासून मास्तरांना पाणी बंदच होतं. तोंडचं होतं नव्हतं तेही पळालं.

ते लंगडत न्हाणीघरात शिरले. साबण लावला, फुली हसली. सॅनिटायझर ओतलं, फुली आणखी उजळली.

"आण ती घासणी!"

"अहो, तारेची आहे!"

"आण म्हणतो ना!"

बाहेर स्ट्रेचरवाला दार ठोठावायला लागला. "काका, चला, नंबर आला!"

"आलो, आलो!" मास्तर दात-ओठ खाऊन घासत होते. फुली फिकी झाली, पण तिच्याबरोबर कातडीही गेली.

ऑपरेशनच्या दारात मोठ्या डॉक्टरांनी पुन्हा तोच प्रश्न विचारून उजव्या मांडीवर बाण काढला. मग त्यांची नजर डाव्या गुडघ्यावर गेली. "हे काय झालं?"

"खाज सुटली होती," मास्तर पुटपुटले. डॉक्टर नर्सच्या कानाशी काहीतरी बोलले आणि मास्तरांचा उरलासुरला धीरही सुटला.

पाठीत सुई टोचली. कंबरेखालचं सगळं बधिर झालं. समोर पडदा आला. पडद्यापलीकडे कुणीतरी वाचलं, "पेशंटचा उजवा गुडघा," आणि सगळे "बरोबर" म्हणाले.

"कुणाचा उजवा?" मास्तर किंचाळले. गिऱ्हाईक समोर उभं राहिलं की त्याचा उजवा हात आपल्या डावीकडे येतो, हे माप घेऊन घेऊन त्यांच्या हाडीमाशी भिनलं होतं. "माझा का तुमचा?"

"तुमचाच, काका. आमचे गुडघे बरे आहेत," डॉक्टरीणबाई म्हणाल्या आणि सलाइनमधून त्यांना झोपेचं औषध दिलं.

जाग आली तेव्हा मास्तर वॉर्डात होते. त्यांनी डावीकडची चादर उचलली. डाव्या गुडघ्याला हे एवढं जाडजूड बँडेज!

"बुडालो! भलताच फाडला!"

डॉक्टर धावत आले. त्यांनी चादर पूर्ण बाजूला केली. उजव्या गुडघ्यावर बोटाच्या पेराएवढ्या दोन पट्ट्या होत्या, बस्स.

"गादी झकास शिवली आहे. काकूंनी सांगितलं मला सगळं. नशीब तुमचं, घासणी भलत्याच गुडघ्यावर चालवलीत. या गुडघ्याची कातडी अशी सोलली असती, तर आज मी हातच लावला नसता."

मास्तरांच्या डोळ्यांत पाणी आलं. मशीन वाचली होती. बायकोने पदराने त्यांचा चेहरा पुसला आणि घासणी हळूच पिशवीत दडवली.

"मग डॉक्टर," मास्तरांनी भीत भीत विचारलं, "पाय कधी टेकू?"

"उजवा संध्याकाळी, काठी घेऊन," डॉक्टर म्हणाले. "डाव्याचं मला विचारू नका. ते ऑपरेशन माझं नाही."