मयत जादूगार पोहे मागतो

छापील पुस्तक हे मानवाने घडवलेले सर्वांत निर्दोष यंत्र आहे, असे माझे ठाम मत आहे. त्याला बॅटरी लागत नाही, ते ऐन रंगात आलेले असताना जाहिरात दाखवत नाही, आणि त्यात बिघाड झालाच, तर तंत्रनिकेतनातून पदविका घेतलेला कोणताही शिस्तप्रिय मनुष्य तो घरच्या घरी दुरुस्त करू शकतो. कोणताही म्हणजे, अर्थात, मी!

हे मत मी शेलूबाजारच्या आमच्या वाचनालयात जाहीरपणे मांडले, कारण सचिव लखीराम यांनी पुस्तकांची कपाटे बाहेर काढण्याचा घाट घातला होता.

"कोन वाचते आता पुस्तक, दौलतराव? सारं मोबाइलवर भेटते. कपाटं काढू, खुर्च्या टाकू, वायफाय बसवू. पोट्टे तरी येतीन!"

त्या कपाटांची प्रत्येक फळी मी स्वतः पाणसळ लावून समपातळीत बसवली आहे. माझ्या अंगाचा तिळपापड झाला! बरीच हमरीतुमरी होऊन अखेर असे ठरले, की रविवारच्या सभेत एकाच कादंबरीवर दोघांनी बोलावे. मी छापील प्रत वाचून, आणि माझी सून धम्मदीपा हिने मोबाइलवर वाचून. धम्मदीपा शिक्षिका आहे आणि पोळी तव्यावर असतानाही मोबाइलवर वाचू शकते. ऐकणाऱ्यांना ज्याची प्रत हवीशी वाटेल, त्याचा विजय. मी जिंकलो तर कपाटे राहतील, हरलो तर जातील.

कादंबरी निवडली 'नाहीशा जादूगाराचा पंचनामा'. जादूगार चक्रधर ऐन खेळात स्वतःच्याच ट्रंकेत मृत सापडतो, आणि तपासाला निघतात इंदूताई नावाच्या निवृत्त पोस्टमास्तरीण बाई. त्यांच्याजवळ एक छत्री असते. समोरचा खोटे बोलला, की ती फट्‍कन आपोआप उघडते! पहिली दोन प्रकरणे वाचून मी इतका हरखलो, की चहाचा कप बशीऐवजी चष्म्याच्या घरावर ठेवला.

आणि तिथेच घात झाला. पुस्तक मी खिडकीत ठेवून जेवायला बसलो. आमच्याकडचे मे महिन्याचे ऊन म्हणजे लोहाराच्या भट्टीचा सख्खा भाऊ! पुस्तकाच्या पाठीवरचा डिंक पाघळला आणि सगळे फर्मे माझ्या हातात सुटे आले. छापखान्यात मोठ्या कागदाच्या घड्या घालून पानांची जी जुडगी करतात, त्यांना फर्मे म्हणतात.

"आता कसं करता?" धम्मदीपाने विचारले. "मोबाइलवर पाठवू काय, मामाजी?"

"आवश्यकता नाही," मी म्हणालो. "यंत्र उघडले आहे. जोडता येईल."

सामान्य बाइंडर आधी शिवतो आणि मग कडा कापतो. ही अशास्त्रीय पद्धत आहे. कार्यशाळेचा नियम असा, की आधी माप, मग जोडणी. म्हणून मी प्रथम सर्व फर्म्यांच्या कडा पोलादी पट्टी लावून काटेकोर कापल्या. त्यात तळाचे पृष्ठ क्रमांक गेले, हे खरे. पण ज्याने क्रम बिघडूच दिलेला नाही, त्याला क्रमांक कशाला हवेत? मग थप्पी रचली, दाबासाठी वर आमच्या सौभाग्यवती भागिरथाबाईंचा वरवंटा ठेवला आणि मेणाचा दोरा आणायला बाजारात गेलो.

परत आलो तेव्हा थप्पी जागच्या जागी होती. वरवंटा वर. सगळे कसे शिस्तीत! मी शिवले, सरस लावला, जुन्या पायजम्याचे कापड पाठीवर चढवले आणि वाचायला बसलो.

वाचकहो, त्यानंतर मी जे अनुभवले, ते शब्दांत सांगणे कठीण आहे.

ट्रंकेत मेलेला चक्रधर पुढच्याच पानावर ओट्यावर बसून पोहे खात होता. वर लिंबू मागत होता! मी आ वासून पाहत राहिलो. कुठे खुलासा नाही, स्पष्टीकरण नाही. लेखकाने मृत्यूचा काटा नुसता उलटा फिरवला होता! पुढे एका ठिकाणी वाक्य होते, "इंदूताईंनी थरथरत्या हातांनी ट्रंकेचे झाकण उचलले आणि आत" — मी श्वास रोखून पान उलटले — "जायफळ किसून घातले व पाहुण्यांना वाढले." काय ही हिंमत! वाचकाला कड्यावर उभे करायचे आणि हातात बासुंदीची वाटी द्यायची!

छत्री आगीत जळून खाक झाली, आणि लगेच इंदूताईंनी तीच छत्री दुकानातून घासाघीस करून विकत घेतली. खुनी तर मध्यावरच ढसाढसा रडत कबुली देऊन मोकळा झाला, आणि त्यानंतर सगळे गाव त्यालाच बरोबर घेऊन खुनी शोधत फिरले. त्याला कुणी काही विचारीना! समाजावर केवढे हे भाष्य! आणि शेवट? शेवटच्या पानावर पडदा वर जातो, चक्रधर हात जोडून म्हणतो, "मंडळी, आता खेळ सुरू होत आहे." मी पुस्तक मिटले आणि त्याला हात जोडले.

रविवारी सभेला वाचनालय भरून गेले होते. मी मयत जादूगाराच्या पोह्यांपासून सुरुवात केली. जीप चालवणारा मुन्ना, जो आजवर फक्त वाहनांच्या मागचा मजकूर वाचत आला, तो खुर्चीच्या टोकावर आला.

"बाप्पा! मेलेला मानूस लिंबू मांगते?"

"मागतो. आणि मिळाल्यावर आभारही मानतो."

धम्मदीपा उठली. तिच्या कपाळावर आठी होती. "मामाजी, चक्रधर मेल्यावर परत येतच नाही. खुनी शेवटी सापडतो. आणि छत्री तर ताई सुरुवातीलाच घेतात."

"बेटा," मी सौम्यपणे म्हणालो, "पडद्यावर अंगठा सरकवत वाचले, की असे बारकावे निसटतात."

गोजराबाई, ज्या केवळ पंख्याखाली बसायला आल्या होत्या, त्या मागून म्हणाल्या, "सुनबाई, तुह्या पुस्तकात मेला तो मेलाच राह्यते काय?"

"हो, आजी."

"मंग त्यात काय मजा वं? मेलेले तं आमी रोजच पायतो!"

सभा हसली आणि मी जिंकलो. मुन्नाने पुस्तक माझ्या हातातून जवळजवळ हिसकावून घेतले. लखीराम डोके खाजवत म्हणाले, "असं असन तं कपाटं राहू द्या. चार प्रती अजून मांगवतो."

मी विजयी वीरासारखा घरी आलो. पुस्तक हातोहात फिरून आठवड्याने परत आले, तेव्हा धम्मदीपाने ते मोबाइलच्या शेजारी उघडून ठेवले आणि एकदा इकडे, एकदा तिकडे पाहू लागली. मग एकदम ओरडली, "मामाजी! तुमचे फर्मे पत्त्यांसारखे पिसल्या गेले आहेत!"

"अशक्य! मी थप्पीवर वरवंटा ठेवला होता!"

भागिरथाबाई लसूण सोलत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "तो वरवंटा मी उचलला होता. मले चटनी वाटाची नोती काय? तितक्यात कूलरनं उडवले तुमचे कागद. साऱ्या घरात पानंच पानं! एक तं न्हानीत गेलं. मी सारे येचले, थप्पी लावली, वरवंटा धुतला न् ठेवला. पाह्यली नोती, कशी सरळ लावली होती?"

"मग मला सांगितले का नाही?"

"सांगतलं असतं तं तुमी मले संध्याकाळलोक वजन न् दाब शिकवत बसले असते!"

मी खाली बसलो. ज्या प्रतिभेपुढे मी हात जोडले होते, ती आमच्या कूलरची होती! धम्मदीपाने मला मूळ क्रमाने सगळी कथा वाचून दाखवली. सुंदर आहे, नाकारत नाही. छत्रीच्या युक्त्यांनी पोट दुखेपर्यंत हसलो. पण चक्रधर मेला तो मेलाच राहिला, आणि मला राहून राहून त्याच्या पोह्यांची आठवण येत राहिली.

तरीही प्रामाणिकपणे सर्व सांगून टाकावे, म्हणून मी लखीराम यांच्याकडे जायला चप्पल घातली. तर तेच काखेत पुस्तके घेऊन दारात उभे!

"दौलतराव, घोटाळा झाला. या नव्या चारही प्रती डुप्लिकेट निघाल्या!"

"डुप्लिकेट?"

"मुन्ना वाचून परत फेकून गेला. गोजराबाईनं नातीकडून वाचून घेतलं, म्हनते मेलेला उठूनच नाई राह्यला! छापखान्यावाल्यानं बाइंडिंग चुकवलं वाटते. तुमी तुमच्यासारखं बरोबर करून द्या."

"सचिव साहेब, वास्तविक पाहता..."

"नाई जमत तं राहू द्या. वायफायवाला उद्याच येतो म्हनते. कपाटं..."

"जमते!" मी म्हणालो. "छापखान्याची चूक आहे. दुरुस्त करून देतो."

बरे झाले, त्या वेळी इंदूताईंची छत्री आमच्या घरात नव्हती. छताला भोक पडले असते.

लखीराम गेल्यावर मी चारही प्रती खिडकीत उन्हाला ठेवल्या. डिंक पाघळला. पोलादी पट्टी लावून कडा कापल्या, पृष्ठ क्रमांक घालवले, थप्प्या रचल्या. धम्मदीपा दाराशी उभी राहून तोंडावर पदर धरून हसत होती.

"मामाजी, पहिल्या प्रतीवरून क्रम लावून देऊ?"

"छे! चार प्रती, चार वेगळी रहस्ये! तुझ्या मोबाइलला जमेल?"

मग मी वरवंटा उचलला, स्वतःच्या हाताने स्वयंपाकघरात नेऊन ठेवला, आणि कार्यशाळेचे सगळे नियम आयुष्यात पहिल्यांदा बाजूला सारून भागिरथाबाईंना हाक मारली, "अवं, लाव कूलर!"