अडीचशे उमरेड

शेजारधर्म म्हणून त्या सकाळी मी दोन्ही घरांचा सामायिक जिना झाडला आणि शेजारच्या दौलतकाकाजींच्या मुलीचं विमान धोक्यात आणलं.

"काहून झाडलं गा?" काकाजी बनियनवरच बाहेर धावले. "पोरगी हवेत हाये माही!"

"वर्षा तर रात्रीच दिल्लीला पोचली ना?"

"बस बदलली म्हणजे गाव आलं का?"

माणूस प्रवासाला निघाला की लगेच मागे झाडू लावू नये, एवढं आम्हीही पाळतो. म्हणजे गाडी फाटकाबाहेर पडेपर्यंत. काकाजींचा नियम मात्र थेट मुक्कामापर्यंत चालतो. गाव उमरेड, कापडाचं दुकान इथं शहरात, सदरला. सारा जन्म त्याच सेहेचाळीस किलोमीटरच्या एसटीत गेलेला. त्यामुळे जगातलं कुठलंही अंतर ते उमरेडमध्ये मोजतात. वर्षाचं टोरांटोचं तिकीट आलं त्या दिवशी, दिल्लीपासून साडेअकरा हजार किलोमीटर, असं मी मोबाइलवर पाहून सांगितलं, तेव्हा ते भिंतीला टेकलेच. "अडीचशे उमरेड! एका दमात? ड्रायव्हर चहाले कुठं थांबते?"

चौदा-पंधरा तास, कुठेच थांबत नाही, हे सांगण्याची तेव्हा माझी हिंमत झाली नव्हती.

आता त्यांना धीर द्यावा म्हणून मी मोबाइलवर सरकणारं तिचं विमान दाखवायला गेलो, आणि बघता बघता ते चित्रच गायब झालं. उरला नुसता निळा समुद्र.

"तिकडं सिग्नल नसतो काकाजी," मी म्हणालो. पाच मिनिटं गेली, दहा गेली. समुद्र हलेना. मग मी, विज्ञानाचा पदवीधर, सुपलीतला कचरा गुपचूप पुन्हा जिन्यावर पसरला.

काकाजींनी पाहिलं, पण हसले नाहीत. पायरीवर बसले. "तुही काकी धंतोलीच्या दवाखान्यात निघाली, तं ऑटोनं गेली. धंतोली म्हणजे काय गा, उमरेडच्या एसटीचा एक थांबाही नाही. म्हटलं, वापस येईल तं घर साफ दिसलं पाहिजे तिले. ऑटो कोपऱ्यावर वळला नाही, तं झाडू घेतला मी."

काकी परतल्या नव्हत्या, हे साऱ्या गल्लीला माहीत होतं. झाडूचं कुणालाच माहीत नव्हतं.

दिवसभर आम्ही दोघं तो निळा समुद्र बघत बसलो. संध्याकाळी वर्षाचा फोन आला. "पोचली? बरं बरं. स्वेटर घाल वं माय," एवढंच बोलून काकाजींनी झाडू घेतला, पण पहिल्याच पायरीवर तो धरून उभे राहिले. शेवटी माझ्या बायकोनंच तो काढून घेतला आणि जिना झाडला.

घरात आल्यावर मी शहाणपणानं म्हणालो, "काय काय मनात घेऊन बसतात माणसं!"

ती ओट्याशी पाठमोरी उभी होती. म्हणाली, "तुम्ही स्कूटर घेऊन ऑफिसला जाता ना, तेव्हा पोचल्याचा फोन येईस्तोवर मीही झाडू उचलत नाही."