अप्पांचा अंडा

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. जगातलं कुठलंही काम माझ्यावर सोपवा, ते फत्ते झालंच म्हणून समजा! ही बढाई नाही, अनुभव आहे. ‘ऑस्टरमियर’ या व्हिडिओ गेमचे पाचही भाग मी पार केलेत. शापित विहिरी, बोलकी थडगी, सात डोक्यांची घुबडं, सगळ्यांना पुरून उरलोय! त्यातल्या मोहिमा मला पाढ्यांसारख्या पाठ आहेत. झोपेतून उठवून विचारा!

माझी सगळ्यात लाडकी मोहीम तिसऱ्या भागातली, ‘राखेतलं अंडं’. म्हातारा राजा सिंहासनावरून एवढंच म्हणतो, “वीरा, अंडं आण.” बस्स! कुठलं अंडं, कशाला हवंय, काही नाही. पुन्हा विचारलंत तर पुन्हा तेच वाक्य. शहाण्यानं मान डोलवायची आणि निघायचं. ज्वालामुखी चढायचा, ड्रॅगनचं अंडं उचलायचं आणि बेतानं खाली उतरायचं. पळालात तर फुटतं, थांबलात तर गार पडतं. काय मोहीम आहे महाराजा! ज्यानं ही लिहिली त्या माणसाच्या पायावर डोकं ठेवावंसं वाटतं.

“अडतीस वर्षांचा घोडा झालास आणि बसलायस अंडी उबवत!” हे माझ्या बायकोचं, रंजनीचं मत. रंजनी तंजावरी मराठी. जन्म चेन्नईचा. मी कराडचा, गिंडीतल्या एका कारखान्यात डिझाइन इंजिनीअर. लग्न प्रेमाचं, म्हणजे आम्हा दोघांच्या. तिच्या वडिलांचं प्रेम अजून यायचं होतं. व्यासराज राव, म्हणजे अप्पा, रेल्वेतून निवृत्त झालेले. वर्षभरात ते माझ्याशी एकूण चार वेळा बोलले होते आणि चारही वेळा विषय ‘पंखा बंद करा’ हाच होता!

त्यामुळे मार्गळीतल्या, म्हणजे धनुर्मासातल्या, त्या सकाळी आम्ही सासरी असताना अप्पांनी स्वतःहून हाक मारली तेव्हा मी ताडकन उभाच राहिलो.

“माप्ळे!” अप्पा झोपाळ्यावरून म्हणाले. इकडे जावयाला माप्ळे म्हणतात. “उद्या माझी सत्तरीची शांत. अंडा आणायला पाहिजे.”

मी कान टवकारले. “अंडं?”

“अंडा. मोठा. तांबरमला माझा भाऊ दत्ताजी राहतो, त्याच्याकडे आहे. आमच्या वडलांच्या वेळचा.”

आता तुम्ही म्हणाल, इथं तुला शंका नाही आली? आली ना! ज्या घरात कांदासुद्धा वार बघून चिरतात, तिथं शांतीला अंडं? पण माझ्या सासरची मराठी तीनशे वर्षांपूर्वी तंजावरला येऊन मुरलेली आहे. अंड्याला अंडा म्हणत असतील! तीनशे वर्षांत एखाद्या शब्दाचं लिंग बदलायचंच! आणि प्रत्येक घराण्याचे काही जुने, चमत्कारिक कुळाचार असतात. आपण बाहेरून आलेल्यानं का नाक मुरडावं?

तरी खात्री करायला विचारलं, “अप्पा, नक्की काय आणू?”

“अंडा आणा.”

तेच वाक्य! शब्दन् शब्द तेच! माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. साक्षात ऑस्टरमियरचा राजा माझ्यासमोर बनियन घालून बसला होता!

“सांभाळून आणा,” अप्पा म्हणाले. “दोन्ही हातांनी धरायचा. आपटलात तर गेला. मी दत्ताजीला फोन करणार नाही. चार वर्षं आमचं बोलणं नाही, आणि तेही त्या अंड्यावरूनच. तुम्ही मागा. नाही म्हणाला तर सांगा, व्यासराज अंड्यावाचून शांत करणार नाही.” मग घसा खाकरून हळूच पुढे म्हणाले, “तो नसेल तर तसाच मोठा दुसरा कुठून तरी आणा. पण रिकाम्या हातांनी येऊ नका.”

अंड्यावरून भावाभावांत वैर! आणि ते मिटवायला वीर कोण, तर मी! रंजनी शांतीसाठी घेतलेल्या हॉलवर फुलं लावून घेत होती. तिला फोन करायचा विचार मनात आला आणि गेला. ज्वालामुखीच्या वाटेवर कोणी बायकोला फोन करतं का?

ऑफिसला दांडी मारून गाडी धरली आणि तांबरम गाठलं. दत्ताजींच्या दाराला कुलूप! शेजारच्या कनका मामी ओट्यावर बसून भाजी निवडत होत्या. ऑस्टरमियरचा दुसरा नियम: गावात शिरलात की दिसेल त्याच्याशी बोला. माझं तमिळ म्हणजे मोडक्या छत्रीसारखं, उघडतं पण कुठल्याही बाजूनं. मी विचारलं, “मामी, दत्ताजी राव कुठे?”

“कांचीपुरमला देवदर्शनाला गेलेत. काय काम होतं?”

“त्यांच्याकडे एक मोठं अंडं आहे. मी व्यासराज रावांचा जावई, न्यायला आलोय.”

अंड्याला तमिळमध्ये मुट्टै म्हणतात, एवढं मला नक्की येत होतं. तेच ठणठणीत आवाजात म्हणालो. मामींच्या हातातली पडवळाची फोड खाली पडली.

“दत्ताजी रावांच्या घरात? मुट्टै?”

“हो! वडलांच्या वेळचं!”

“शिव शिव शिव!” मामींनी कानांवर हात ठेवले. मग एक हात काढून मोबाइल उचलला. मला वाटलं, बिचाऱ्या माझ्यासाठी चौकशी करतायत. मी नमस्कार करून निघालोसुद्धा!

आता दुसरं अंडं शोधणं आलं. स्टेशनजवळच्या अंडीवाल्याला म्हटलं, मोठं दाखव. त्यानं कोंबडीचं दाखवलं. मी म्हटलं, याहून मोठं. त्यानं बदकाचं काढलं. मी दोन्ही हात फुटबॉल धरल्यासारखे केले आणि म्हटलं, एवढं! त्यानं मला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं आणि विचारलं, “सर, तुम्हाला कोंबडी हवीय की डायनोसॉर?” पण माणूस जाणकार निघाला. म्हणाला, “कोवलमला चंद्रमौळी म्हणून एक गृहस्थ आहेत. मागे इमूपालनाची लाट आली होती तेव्हा त्यांनी इमू घेतले. लाट गेली, इमू राहिले.”

पाहिलंत? गावात बोललं की वाट सापडते! केळंबाक्कमला बस बदलली आणि दुपारी कोवलमला उतरलो.

चंद्रमौळी लुंगी सावरत फाटकातच भेटले, घामानं निथळत. पाठीमागच्या आवारात तीन इमू तारेवरून मान काढून उभे होते, चाळीच्या गॅलरीतल्या बायकांसारखे.

“अंडं आहे ना,” ते म्हणाले. “थंडीतच घालतात. पण मला आता वेळ नाही हो! माझी अलमेलू पळालीय समुद्राकडे. ती आणून द्या आणि अंडं घेऊन जा!”

माझे डोळे भरून आले. उपमोहीम! खऱ्या आयुष्यात, वयाच्या अडतिसाव्या वर्षी, एका सज्जन गृहस्थानं मला उपमोहीम दिली होती!

इथं माझी दुसरी लाडकी मोहीम कामाला आली. भाग दुसरा, ‘रुसलेला ग्रिफिन’. ग्रिफिनमागे धावलात की तो उडून जातो. म्हणून कुरणात उताणं पडायचं, पाय वर करायचे आणि हवेत झाडायचे. हे काय ध्यान आहे, म्हणून बघायला तो आपणहून येतो.

किनाऱ्यावर होड्या ओढून ठेवल्या होत्या. त्यांच्यापलीकडे अलमेलू उभी! माणसाएवढी उंच, केस पिंजारलेले, नजर परीक्षेच्या पर्यवेक्षकासारखी. चंद्रमौळी जाळं घेऊन होडीआड लपले. मी ऑफिसची इस्त्रीची पँट, पांढरा शर्ट अशा वेषात वाळूत उताणा झालो आणि पाय झाडायला लागलो.

पहिल्यांदा अलमेलू नाही आली. पहिल्यांदा सगळं कोवलम आलं! मासळी विकणाऱ्या बायका टोपल्या टाकून धावल्या. “फिट आली, फिट आली!” असा गलका झाला. एका कोळ्यानं माझ्या मुठीत होडीच्या इंजिनाची किल्ली कोंबली, दुसऱ्यानं नाकाशी कांदा धरला. “मी बरा आहे! मी पक्षी पकडतोय!” असं मी ओरडलो. त्यावर एक म्हातारी कळवळून म्हणाली, “अरेरे, डोक्यावरच परिणाम झालाय हो!”

पण मी पाय थांबवले नाहीत! आणि मग गर्दी एकदम दुभंगली. दोन कोळणींच्या मधून एक लांब मान आत आली. अलमेलूनं माझ्याकडे निरखून बघितलं. मान डावीकडे कलती केली, उजवीकडे केली, आणि चटकन माझा चष्मा उचलला! त्याच क्षणी चंद्रमौळींचं जाळं पडलं. तिच्यावर आणि माझ्यावरही. जाळ्यात आम्ही दोघं समोरासमोर, नाकाला चोच लावून. पण पकडली की नाही? पकडलीच!

अंडं बघून मी जागच्या जागी खिळलो. काळपट हिरवं, खडबडीत, छोट्या नारळाएवढं. हुबेहूब ड्रॅगनचं! टॉवेलात गुंडाळून मांडीवर घेतलं आणि परतीच्या बसमध्ये बसलो. शेजारच्या बाईंनी पदर सावरत प्रेमानं विचारलं, “किती महिन्यांचं?” मी म्हटलं, “अजून जन्मायचंय.” त्या पुढच्या स्टॉपला उतरल्या.

संध्याकाळी नंगनल्लूरला अप्पांच्या घरी पोचलो तेव्हा दिवाणखाना माणसांनी फुललेला होता. शास्त्रीबुवा होते, पाहुणे होते, सासूबाई विजयलक्ष्मी अम्मा लगबगीत होत्या. स्वयंपाक करणारा व्यंकट कमरेवर हात ठेवून उभा होता. मी वाळूनं माखलेला, चष्म्याची एक काच गेलेली. तरी थेट अप्पांपुढे गेलो, ऑस्टरमियरच्या रीतीनं एक गुडघा टेकला आणि टॉवेल उलगडला.

“अप्पा! अंडं आणलं!”

शास्त्रीबुवा सोवळं आवरत भिंतीला टेकले. अम्मांच्या तोंडून फक्त “अय्यय्यो!” निघालं.

“हे काय आहे?” अप्पांनी विचारलं.

“अंडं. मोठं. दोन्ही हातांनी धरून आणलंय.”

रंजनीनं कपाळावर हात मारून घेतला. “आशिष! अंडा म्हणजे भांडं! सांबार करायचं मोठं पितळी भांडं! तमिळमध्ये अंडा म्हणतात, आम्हीही अंडाच म्हणतो!”

“म्हणजे... हंडा?”

“हो! तुमचा तो हंडा!”

“मग आता दीडशे पानांचं सांबार मी यात करू काय?” व्यंकटनं माझ्या हातातल्या अंड्याकडे बोट दाखवून विचारलं.

अप्पा नुसते खाली बसले. तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की त्यांना भांडं नकोच होतं. भांडी भाड्यानं ढिगानं मिळतात. त्यांना त्यांच्या वडलांचं भांडं हवं होतं, आणि ते ज्याच्याकडे होतं तो भाऊ. मोहीम ती होती, आणि मी इमूमागे उताणा पडलो होतो! मी अंडं पुन्हा टॉवेलात गुंडाळायला लागलो.

तेवढ्यात खाली मोटारीचा हॉर्न वाजला. हॉर्न कसला, रणशिंगच! मग जिन्यात पावलं, आणि दारात एक लालबुंद गृहस्थ. हुबेहूब अप्पा, फक्त मिशीसकट!

“कोण तो?” ते गर्जले. “कोण म्हणाला माझ्या घरात मुट्टै असते म्हणून?”

मी अंड्यासकट पुढे झालो. तसा धीराचा आहे मी.

“कांचीपुरमला देवासमोर हात जोडून उभा होतो मी!” दत्ताजी ओरडले. “फोनवर फोन! कनकाबाईंनी गल्लीभर केलंय, दत्ताजी राव वडलांच्या काळापासून चोरून अंडी खातो! मोठमोठी! मला आधी काही कळेना. मग ‘वडलांच्या वेळचं, मोठं, व्यासराजच्या जावयाला हवंय’ असं ऐकलं तेव्हा डोक्यात उजेड पडला. अरे, हा कराडचा शहाणा अंडा मागतोय! दर्शन अर्धवट टाकून घरी गेलो आणि घेऊन आलो. खाली टपावर बांधलाय. घे बाबा तुझा अंडा! पण या मुलाला माझ्या गल्लीत पुन्हा पाठवू नकोस!”

अप्पा उठले. भावाकडे बघितलं, मग अंड्याकडे, मग माझ्या एका काचेच्या चष्म्याकडे. त्यांच्या पोटातून प्रथम कुकरच्या शिट्टीआधी येतो तसा आवाज आला आणि मग ते जे हसत सुटले! दत्ताजी आधी रागानं बघत राहिले. मग त्यांचीही मिशी थरथरली. चार वर्षं न बोललेले दोन म्हातारे एकमेकांच्या खांद्याला धरून डोळे पुसेपर्यंत हसले. शेवटी व्यंकट म्हणाला, “हसून झालं असेल तर भांडं वर आणता का?”

शांत थाटात झाली. सांबार वडलांच्याच अंड्यात शिजलं. अलमेलूचं अंडं दुसऱ्याच दिवशी चंद्रमौळींना सुखरूप परत दिलं. आणि निघताना अप्पा मला चक्क नावानं हाक मारून म्हणाले, “आशिष, हे सगळं तुम्ही ज्या खेळात शिकलात तो आम्हाला एकदा बघायचाय.”

पुढच्या रविवारी दोघं भाऊ आमच्या घरी सोफ्यावर येऊन बसले. मी अभिमानानं ऑस्टरमियर लावून दिला, अप्पांच्या हातात कंट्रोलर दिला आणि कॉफी आणायला आत गेलो. परत आलो तर पडद्यावर एक फाटक्या कपड्यांतला, निःशस्त्र पोरगा चिखलात उभा.

“अप्पा, माझा राजा कुठे गेला? माझा किल्ला? माझी चिलखतं?”

“ते होय!” अप्पा खुशीत म्हणाले. “त्यानं विचारलं, जुनं सगळं पुसून नव्यानं सुरू करायचं का? आम्ही म्हटलं, कर की बाबा!”

“जुनं उगाळत बसण्यात काही राम नाही,” दत्ताजी म्हणाले. “आम्हाला विचारा!”

बारा वर्षांचं राज्य होतं हो माझं! पण दोघं इतके एकमेकांना चिकटून बसले होते, की मी म्हटलं, “बरं केलंत.” आणि कॉफी त्यांच्यापुढे ठेवून, मी आत जाऊन जरा वेळ पंख्याखाली उभा राहिलो.